पळसाचे देठ आणि खंबायतचा गाळ

नरोत्तम, तुझ्या तेराव्याला आलेली माणसं आज सकाळच्या एसटीने गेली. शेजाऱ्यांची पातेली घासून परत दिली, ओटा सारवला आणि आता बसले आहे. पाठ दुखते. तुझ्या ऑफिसातले दोघे आले होते. त्यांना तुझ्यावर एक लहान पुस्तक काढायचं आहे. तू किती शिकलास, कुठे नोकरी केलीस, समुद्रावर काय काय काम केलंस, ते सगळं ते लिहिणार आहेत. मला म्हणाले, भाभी, तुम्ही घरचं लिहा. मी म्हटलं, मी चौथी शिकलेली, मला सजवून लिहिता येत नाही. म्हणाले, तसंच लिहा. म्हणून लिहिते. आवडलं नाही तर त्यांनी छापू नये.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तू एवढासा होतास आणि तुला स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता. सासूबाईंनी तुला माझ्या कडेवर दिला. मीही तेव्हा पोरच होते. दीर-भावजयीची थट्टा आपल्यात झाली ती तू मोठा झाल्यावर. आधी मी तुझी आयाच होते. म्हणून तू साहेब झालास तरी मी तुला अरे-तुरेच करत राहिले. इथेही तेच करते आहे.

तू गेलास याचं दुःख आहे. पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा थकवा जास्त आहे. एकाच घरातल्या दोन भावांना पोचवायचं, आणि त्यातल्या पहिल्याला पोचवताना तर माणूसच हाताला लागलं नव्हतं.

तो पूर स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी आला. आपल्याकडे ऊन होतं, पाऊस वरच्या अंगाला पडत होता. तापीचं पाणी उचलून केळीला द्यायला आपण दरडीवर इंजिन बसवलं होतं. पाणी चढायला लागलं तशी सगळ्यांनी आपापली इंजिनं सोडून वर ओढली. तुझे भाऊ पट्टा सोडायला मागे राहिले. दरड खालून पोखरली गेली होती, वरून कुणाला दिसली नाही. ती बसली. इंजिन, खोपी, एक बाभूळ आणि ते, सगळं एकदम गेलं. पाणी उतरल्यावर इंजिन सापडलं, गाळात पुरलेलं. बाभूळ गावाखालच्या वळणावर सापडली, पूर आपलं ओझं नेहमी टाकतो तिथे. ते सापडले नाहीत.

मग वाट बघणं सुरू झालं. तू बडोद्याला कॉलेजात होतास, तुला हे सगळं ऐकूनच माहीत. सासूबाई दोन्ही वेळा त्यांचं ताट वाढायला लावत. मी वाढायचे, थोडा वेळ ठेवायचे, मग ते गाईला जायचं. गाय तेवढी जाड झाली. कुणी म्हणालं, ते सुरतेला दिसले. कुणी म्हणालं, तोरणमाळला एका साधूपाशी बसलेत, डोक्यावर परिणाम झालाय. तुझे मगनकाका घाट चढून तोरणमाळला गेले. साधू होता. त्याने काकांना जेवू घातलं आणि आपण कधी तापी पाहिलीसुद्धा नाही असं सांगितलं. काका ताप घेऊन परत आले.

माझं कपाळ तसंच होतं, कुंकू लावलेलं. गावात लग्न निघालं की बायकांची पंचाईत व्हायची. हिला हळदीला हात लावू द्यायचा की नाही? हिची ओटी भरायची की नाही? मी म्हटलं, तुमचं डोकं नको फिरायला, मी घरी बसते. पण घरीही बसवेना. दुपारचं काम उरकलं की मी नदीवर जायचे आणि आपलं इंजिन होतं त्याच्या शेजारी, उरलेल्या दरडीवर बसायचे. रडायला नाही. नुसती बसायचे. पाणी बघायचे.

पाण्यात गेलेलं माणूस सापडलं नाही तर बारा वर्षं वाट बघायची, अशी रीत आहे. नाहीतर जाणत्यांनी बसून ठरवायचं की माणूस गेलं, आणि मग पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. जाणत्यांना ते ठरवता येत नव्हतं. मगनकाका म्हणायचे, उद्या माणूस दारात उभं राहिलं तर तोंड कुठे लपवायचं?

अशात तू बीएस्सी होऊन आलास. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मागे नदीवर आलास, लांब उभा राहून मला बघितलंस आणि परत गेलास. संध्याकाळी ओट्यावर सगळे जमले होते. तू उभा राहून सांगितलंस की एवढ्या पुरात जे पाण्यात गेलं ते थेट सुरतेखाली समुद्राला मिळतं. मध्ये कुठे अडकत नाही, कुठे थांबत नाही, आणि समुद्रात गेलेलं परत येत नाही. विज्ञानच असं आहे म्हणालास.

तुझं विज्ञान तेव्हा काचेच्या नळ्यांतलं होतं. नदीचं तुला आमच्याइतकंच माहीत होतं. पण बीएस्सी झालेला मुलगा सांगतोय म्हटल्यावर उलट कोण विचारणार? लोक तुला कपाशीची कीड, म्हशीचं वांझपण आणि दिल्लीचं राजकारण, सगळंच विचारायचे. मगनकाकांनी मान हलवली. झालं.

नारळाचं डोकं, पळसाच्या देठांचे हातपाय, वर नवं धोतर. आम्हाला मूल नव्हतं, म्हणून अग्नी तू दिलास. बांगड्या सासूबाईंनी फोडल्या. त्या बिचारीला मुलगा आणि बांगड्या दोन्हीकडे बघायचं होतं. मी तुझ्याकडे बघत होते. तू वर मान केली नाहीस.

पुतळ्याची राख, म्हणून गावाशीच तापीत सोडली. दोन-तीन दिवसांनी मी पाणवठ्यावर गेले. बायका धुणं धुतात तिथे दगडांच्या आड पाणी थांबून राहतं. तिथे साबणाचा फेस, पालापाचोळा, शेणकाड्या आणि अर्धवट जळलेले पळसाचे देठ गोळा होऊन बसले होते. समुद्रात जाणारं माणूस आपल्याच पाणवठ्यावर, परटाच्या दगडाशी थांबलं होतं. मी मूठभर देठ उचलले आणि तशीच घरी आले. तू बॅग भरत होतास. मी ते तुझ्या स्वच्छ कपड्यांवर ठेवले.

मी म्हटलं, "हाई देख. सगळं समुद्रमा जास, म्हने. हाई तं आठेच शे."

तू बराच वेळ ते बघत बसलास. मग रुमालात बांधून घेतलेस आणि एसटी गाठायला निघालास. त्यानंतर पुष्कळ दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू पाया पडलास की मी नुसतं हूं म्हणायचे.

मग कळलं की तू रसायन सोडलंस आणि समुद्राच्या तळाचा चिखल तपासायच्या कामाला लागलास. गाव हसलं. मगनकाका म्हणाले, चिखलच बघायचा होता तर बडोद्याला कशाला गेला, आपल्या बैलांमागे उभा राहिला असता. तेव्हा मीही हसले. तू सांगितलंस की बोटीवरून दोरखंडाला लोखंडी नळी बांधून तळाशी सोडतात आणि ती चिखलाने भरून वर येते. सासूबाईंनी विचारलं, त्या चिखलाचं पुढे काय करतात, सारवतात का? तू म्हणालास, वाळवतो, चाळतो, काचेखाली बघतो. त्या म्हणाल्या, पगार देतात ना? मग बघ बापा.

गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे झाले त्या सुमाराची दिवाळी असेल. मी मागच्या दारी उडदाची डाळ रोळत होते. परातीत पाणी घालून डाळ हिंदकळायची, हलकी डाळ पाण्याबरोबर दुसऱ्या भांड्यात उतरवायची, खडे मागे राहतात. तू शेजारी पाट घेऊन बसलास आणि म्हणालास, भाभी, समुद्र हेच करतो. मी म्हटलं, मग समुद्राला पाठवून दे, माझे हात गारठलेत.

तू ऐकतोस थोडंच. तू सांगत सुटलास. नदी समुद्रात काय नेते? वाळू, माती आणि मेलेलं. पानांचा चुरा, काड्या, फुलांची धूळ, जळक्या लाकडाचे कण. वाळू जड, ती तोंडाशीच बसते. मेलेलं हलकं असतं, ते बारीक गाळाच्या सोबतीने तरंगत राहतं आणि पाणी जिथे दमतं तिथे खाली उतरतं. पण उतरलं म्हणजे संपलं नाही. खंबायतच्या आखातात भरतीला एवढा जोर असतो की तळाशी बसलेलं पुन्हा उचललं जातं, नदीच्या तोंडात मागे ढकललं जातं, ओहोटीला परत बाहेर. किनाऱ्याने वाहणारा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेला ओढतो, हिवाळ्यात उलटा. आज इथे बसलेलं पुढच्या वर्षी भलतीकडे. म्हणून तळाच्या एका चिमटीत गेल्या पावसाळ्यातलं पान असतं आणि त्याच्या शेजारी कुठल्या तरी पणजोबाच्या काळातलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पाण्याने आणून शेजारी बसवलेत. कुठला कण कुठून निघाला आणि मध्ये किती ठिकाणी थांबून आला, हे ओळखणं हेच तुझं काम, असं तू म्हणालास.

मला ते कळलं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पूर गेल्यावर आपल्या शेतातही हेच होतं, वरच्या गावाचं शेण आपल्या बांधावर येतं. मला वेगळंच कळलं. मी परात खाली ठेवली.

मी म्हटलं, म्हणजे नदीत गेलेलं थेट समुद्रात जात नाही. वाटेत अडकतं, थांबतं, परतही येतं. मग त्या दिवशी ओट्यावर तू काय सांगितलंस?

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "भाभी, डाळ भिजी ऱ्हायनी."

मी म्हटलं, डाळ भिजायलाच असते. उत्तर दे. तू उठून गेलास.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. दर दिवाळीला तू यायचास, दर दिवाळीला मी विचारायचे. माझं म्हणणं सरळ होतं. तुला माहीत नसताना तू माहीत आहे म्हणून सांगितलंस. माझ्या बांगड्या सासूबाईंनी नाही फोडल्या, तू फोडल्यास. बारा वर्षं मी सवाष्ण राहिले असते तर तुझं काय जात होतं? तू कधी हसून टाळायचास, कधी तुझी बायको सरला चहा घेऊन यायची, तर कधी मगनकाकांचा खोकला मध्ये यायचा. एकदा तू म्हणालास, मोठ्या पुरात खरंच पुष्कळसं थेट जातं. मी म्हटलं, पुष्कळसं म्हणजे सगळं नव्हे. तू म्हणालास, नव्हे.

एका वर्षी मी जास्तच बोलले. म्हटलं, तुला घरातलं सुतक लवकर संपवायचं होतं, पुढे तुझं लग्न व्हायचं होतं ना, घरात असं अधांतरी लटकलेलं माणूस कुठल्या मुलीच्या बापाला चालेल. तेव्हा तुला राग आला. तुला राग आलेला मी तेवढाच पाहिला. तू ताट सरकवलंस.

"तू रोज त्याच दरडवर बसे, भाभी. ती बी खालतून पोकळ व्हती."

मी आत गेले आणि तुला अजून एक भाकरी आणून वाढली. तू ती खाल्लीस. अग्नी दिल्यानंतरच्या पावसाळ्यात ती दरडही गेली होती, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. त्यावर आपण बोललो नाही. पण म्हणून मी भांडण सोडलं असं नाही. जीव वाचवला म्हणून खोटं खरं होत नाही. तूही तसं म्हणाला नाहीस, ते बरं केलंस.

आणि एक सांगायचं राहिलं, ते इथे सांगते. अग्नी दिल्यावर ताट वाढणं थांबलं. तोरणमाळला, सुरतेला जाणं थांबलं. तू मगनकाकांना निक्षून सांगितलंस की आमच्या वाटणीची केळी भाभी बघेल. काका म्हणाले, बाई माणूस इंजिन चालवणार? तू म्हणालास, मला चालवता येत नाही, तिला येईल. मी चालवलं. वाट बघणाऱ्या बायकोला लोक उंबऱ्यात बसवून ठेवतात. गेलेल्याच्या बायकोला निदान काम करू देतात. त्या पुराने दरडीखाली जो गाळ टाकला होता त्यावर मी केळी लावली. काळा, मऊ, कुजक्या पानांचा गाळ. घड असे आले की सारंगखेड्याच्या बाजारातून माणसं बघायला आली. बायका म्हणायच्या, हिचा नवरा गेला तिथली केळी ही खाते कशी? मी खाल्ली. गोड होती. त्यांनाही आवडली असती, त्यांना केळी आवडायची.

हे तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, भांडण मिटलं.

मागच्या उन्हाळ्यात तू शेवटचा आलास तेव्हा डोळे पिवळे होते. कावीळ आहे म्हणालास, बरी होईल. मी तुला ऊस आणि मुळा खायला घातला, तू दोन्ही टाकलंस. दुपारी पडवीत पडून तू म्हणालास की खाली गुजरातेत तापीवर धरण बांधताहेत, ते झालं की इथला गाळ तिथेच बसेल, समुद्राला फारसा मिळणार नाही. मी विचारलं, मग तू पुढे काय तपासशील? तू म्हणालास, आधीचं गेलेलं पुष्कळ आहे तिथे. आणि कूस बदललीस. मला वाटलं, झोपलास.

आता सरलाने जे सांगितलं ते.

तुला तिकडे समुद्राकाठच्या गावी अग्नी दिला. सरला तुझी राख घेऊन इथे आली. तू म्हणाला होतास म्हणे, कुठेही सोडा, फरक पडत नाही. पण मगनकाका म्हणाले, आपल्या घरातल्या माणसाची राख प्रकाशा गावी तापीच्या संगमावरच जाते. आता ते नव्वदीला टेकलेत आणि काठीवर चालतात, पण रीत सांगताना सरळ उभे राहतात. मी म्हटलं, मीही येणार. ते म्हणाले, बायका घाटावर येत नाहीत. मी बैलगाडीत जाऊन बसले.

गाडीत सरला माझ्या शेजारी होती. मांडीवर तांब्या. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिने विचारलं, भाभी, हे चिखलात काय शोधायचे? मी म्हटलं, ते तुला माहीत, तू त्यांच्याबरोबर राहायचीस. ती म्हणाली, कामाचं नाही विचारत. तुझ्या ऑफिसातल्या माणसांनी तिला भेटायला आल्यावर सांगितलं होतं. खंबायतच्या बाजूची नळी वर आली की तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. चाळण्या, बाटल्या, काचा नंतर. आधी तू पहिला गोळा उघड्या हातात घ्यायचास आणि बोटांनी फोडून फोडून बघायचास. कितीही घाई असली, बोट कितीही हलत असली तरी. इतर ठिकाणच्या चिखलाला असं करत नव्हतास. बरोबरचे लोक समजायचे, हा याचा शकुन असेल. एकदा सरलाने तुला विचारलं, तर तू म्हणालास, काही नाही, बघतो.

मी तिला सांगितलं, चिखलाचा पोत बघत असेल, आपण नाही का पीठ मळताना बघत. तिला ते पटलं. सध्या तिला काहीही पटेल.

नरोत्तम, तू काय बघत होतास? तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं की तिथे काही राहत नाही. माणसाचं काय उरतं ते पानासारखंच उरतं, कण. त्याच्यावर नाव नसतं. एवढं शिकलेला माणूस तू. काय सापडणार होतं? धोतराचा धागा? आणि सापडला असता तर तो घेऊन तू कुणाकडे येणार होतास?

मी एवढी वर्षं समजत होते की तू सांगून मोकळा झालास. गाडी प्रकाशाच्या रस्त्याला लागेपर्यंत माझी तीच समजूत होती. तुला खात्री नव्हती, हे मला कळलं होतं. पण खात्री नसताना तू आम्हा सगळ्यांचं वाट बघणं बंद केलंस आणि ते एकटा घेऊन समुद्रावर गेलास, हे मला कळलं नव्हतं. मला हे आवडलेलं नाही. विचारलं असतंस तर मी अर्धं घेतलं असतं. मला त्याची सवय होती.

संगमावर पाणी कमी होतं, उन्हाळ्यात असतं तेवढंच. मगनकाकांचा मुलगा गुडघाभर पाण्यात उतरला. महाराज वर पायरीवर बसून मंत्र म्हणत होते. त्याने तांब्या कलता केला आणि राख पाण्यावर पसरली. थोडी गेली, थोडी त्याच्या पायाशीच फिरत राहिली. मी पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेले. मगनकाका मागून हाका मारत होते. आता कुणीतरी तुला सांगायला हवं होतं, आणि घरात सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नव्हतं. खरं काय, खोटं काय, मला माहीत नाही. तुलाही माहीत नव्हतं, तरी तू सांगितलंसच ना.

मी मोठ्याने म्हटलं, "नरू, तुना भाऊ गयात. आते धुंडू नको."

महाराज थांबले. मगनकाका म्हणाले, हे काय बोलणं झालं, घाटावर असं बोलतात का? मी महाराजांना म्हटलं, माझं झालं, तुमचं चालू द्या.